लोअरिंग स्प्रिंग

मोटारीची मूळ कॉइल स्प्रिंग काढून तिच्या जागी बसवली जाणारी, आखूड आणि जास्त ताठ स्प्रिंग. शॉकअप, आर्म, बूश असे बाकी सगळे कंपनीचेच राहते आणि गाडी साधारण 25 ते 40 मिमी खाली बसते. गॅरेजमध्ये याला ‘गाडी लो करणे’ म्हणतात. चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी भरून गाडी देखणी दिसते, हे खरेच आहे. गुळगुळीत रस्त्यावर ती स्थिरही वाटते. कसारा घाट चढून इगतपुरीत आल्यावर मात्र या बदलाची किंमत कळू लागते.

उंचीबरोबर चाकाला वर सरकायला मिळणारी जागाही जाते, आणि मुख्य नुकसान तेच आहे. समजा, चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, म्हणजे बंप स्टॉपला, टेकेपर्यंत मुळात 70 मिमी जागा होती आणि गाडी 35 मिमी खाली घेतली. उरली निम्मी. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गानुसार बदलते. म्हणून तेवढाच धक्का निम्म्या अंतरात पचवायचा तर स्प्रिंग चौपट ताठ हवी. बाजारातल्या स्प्रिंगा साधारण 15 ते 30 टक्केच जास्त ताठ असतात. उरलेला धक्का बंप स्टॉपचे रबर आणि गाडीची बॉडी घेते. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीत तर आधीच फारशी जागा राहिलेली नसते.

शॉकअपचे दुखणे वेगळे. तो मूळ स्प्रिंगच्या ताठपणाला जुळवलेला असतो. स्प्रिंग 30 टक्के ताठ झाली की त्याचा आवर, त्या मानाने, सुमारे 12 टक्क्यांनी कमी पडतो. खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. इगतपुरीत वर्षाला 3,000 मिमीहून अधिक पाऊस पडतो. घाटातल्या ओल्या वळणावर तो क्षणही महाग पडतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आली की लोअर आर्म चाकाकडे वर कलतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर मग गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि कलण्याची ओढ वाढते. ताठ स्प्रिंगचा काही फायदा त्यातच खर्ची पडतो. टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी पळवली की टायर ‘आतून खातो’.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किमीचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्याच्या सपाट पृष्ठभागावर लो केलेली गाडी तक्रार करत नाही. तीच गाडी भावली धरणाकडे किंवा घोटीहून भंडारदऱ्याकडे वळली की गोष्ट बदलते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच सांगितला आहे. गावोगावचे गतिरोधक बहुधा याहून अरुंद आणि उभट असतात. रिकामी असताना 163 मिमी तळउंची असलेली स्विफ्ट 35 मिमी खाली घेतली तर 128 मिमी उरतात, आणि माणसे बसल्यावर त्याहून कमी. मग ऑइल चेंबर फुटतो.

मूळ स्प्रिंगच कापणे हा याहून वाईट मार्ग. स्प्रिंगचा ताठपणा कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा कापला की ती 20 टक्के ताठ होते. कापलेले टोक बैठकीवर नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळले की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. कापलेली स्प्रिंग कोणत्याही गाडीत नसावी.

परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

अशी गाडी घाटमाथ्यावर वापरात असेल तर पावसाळ्यापूर्वी चारही चाके काढावीत. बंप स्टॉप चुरगळलेला आहे का, शॉकअपमधून तेल झिरपते का हे पाहावे, आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. बाहेरून नवा दिसणारा टायर तिथे तारेपर्यंत झिजलेला असू शकतो.