जेजुरी ते जपान : नव्या जोडप्याच्या वाटेची हकीकत



'मधुचंद्र' हा शब्द आपल्या आजेसासूबाईंच्या तोंडी कधी आला असेल असे मला वाटत नाही. तो इंग्रजी शब्दावरून घडवलेला, आणि बराच काळ कादंबऱ्यांतच राहिलेला. पण लग्नानंतरचा प्रवास मात्र त्यांनाही चुकला नव्हता. हळद उतरायच्या आत जोडप्याने कुलदैवताला जायचे, ही आपली जुनी रीत. कोठे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे, बरोबर कोणी यायचे, हे सारे ठरलेले असे. फक्त ठरवणाऱ्यांत नवरी कधी नसे. हीच हकीकत मी आज सांगणार आहे. मी सातवी शिकलेली बाई. पण मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके आणि वडीलधाऱ्यांचे बोलणे यांच्या आधारे जमेल तसे लिहिते.

माझे लग्न झाले तेव्हा सासरच्या मंडळींनी एक जीपगाडी भाड्याने केली. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर आणि जोतिबा. गाडीत आम्ही नऊजण. हे पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि मी मागे सासूबाई व दोन आतेसासूबाई यांच्यामध्ये. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायची चाल आहे. चार दिवसांत आमची जवळीक म्हणायची ती तेवढीच, आणि तीही शंभर माणसांदेखत! मला कोठे जावेसे वाटते असे कोणी विचारले नाही. असे विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती वाट आखणारे सासरे शहाणे होते. जेजुरीहून तुळजापूर, तेथून कोल्हापूर आणि मग मुंबई, असा तो वळसा होता. एकदा गेलेल्या रस्त्याने पुन्हा यायचे नाही, हा नियम त्यांनी न शिकता पाळला होता. त्याचा उपयोग पुढे येईल.

साहेबांच्या देशातही पूर्वी काही निराळे नव्हते. एकोणिसाव्या शतकात तिकडची श्रीमंत जोडपी लग्नानंतर नातेवाइकांच्या गावोगाव फिरत. जे लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांना नवी सून दाखवायला. म्हणजे आपल्याकडचा पाहुणचारच की! पुढे आगगाड्या आल्या. टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने १८४१ साली एक शिलिंगात माणसे आगगाडीने सहलीला नेली, आणि त्याच्या कंपनीची कचेरी १८८१ मध्ये आपल्या मुंबईत उघडली. अर्थात ती साहेबलोकांसाठी आणि राजेरजवाड्यांसाठी. आपल्या माणसांना परवडणारी थंड हवा म्हणजे माथेरान. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली.

गिरणगावातल्या जोडप्याला मात्र माथेरानही लांबच होते. प्रभादेवीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी. नवीन लग्न झालेल्यांसाठी शेजारीण आपली खोली दोन रात्री मोकळी करून देई आणि स्वतः मुले घेऊन बहिणीकडे जाई. त्या बायकांचे उपकार कोणत्याही पुस्तकात नोंदलेले नाहीत, म्हणून येथे मुद्दाम लिहिते.

परदेश पाहायचा तो थिएटरात. १९६४ साली राज कपूरचा 'संगम' आला. त्यात नवरा-बायको व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड असे फिरतात. पुढे १९६६ मध्ये 'लव्ह इन टोकियो' आला, आणि १९६७ साली राजदत्त यांचा मराठी 'मधुचंद्र'. त्यातल्या जोडप्याची तर फजितीच होते. सासूबाई सांगत, 'संगम' पाहून आलेल्या बायका महिनाभर तेच बोलत होत्या. पण खरोखर जायचे म्हटले असते तर? त्या काळी सरकारकडे परकी चलन इतके थोडे होते की, साठीच्या दशकात प्रवाशाला अवघे आठ डॉलर खर्चाला मिळत. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाची किंमत उतरवली आणि डॉलर पावणेपाच रुपयांचा साडेसात रुपये झाला. म्हणजे आठ डॉलर हे साठ रुपये. तेवढ्यात व्हेनिसला नावेत बसून कोण गाणी म्हणणार? पासपोर्ट मिळणे हाही हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की परदेशी जाणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. चलनाची मुभा मात्र फार उशिरा आली. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. ती पुढे वाढत गेली.

मौज अशी की जपानी माणसांचीही तीच गत होती. १ एप्रिल १९६४ पर्यंत त्यांना नुसत्या मौजेसाठी परदेशी जायची परवानगी नव्हती, आणि मिळाली तीही वर्षातून एकदा व पाचशे डॉलरची मर्यादा घालून. म्हणून त्यांची नवी जोडपी आपल्याच देशाच्या दक्षिणेला मियाझाकी नावाच्या समुद्रकाठी झुंडीने जात. पैसा आला तशी ती हवाई बेटांकडे वळली. माथेरानची बायको पुढे स्वित्झर्लंड मागू लागली, तसेच हे.

आता जपान येथे कोठून आला, असे तुम्ही विचाराल. माझ्या मोठ्या दिरांच्या मुलीचे लग्न ठरले, आणि लग्नानंतर दोघांनी जपानला जायचे योजिले. भाऊजींना ते फार परके वाटले. मला तसे वाटले नाही. आपल्या गिरणगावाचा आणि जपानचा संबंध जुना आहे. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी मिळून मुंबई ते कोबे अशी बोटींची फेरी सुरू केली, कारण जुन्या विलायती बोटकंपन्या कापसाच्या गाठींना जबर भाडे घेत. आपला कापूस तिकडे गेला, त्यावर त्यांच्या गिरण्या वाढल्या, आणि पुढे त्यांचेच कापड आपल्या गिरण्यांना भारी पडू लागले! वरळीला पोदार इस्पितळासमोरचे जपानी बौद्ध देऊळ तर तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. तेथे डफासारखे ढोलके वाजवून प्रार्थना चालते.

आणि अण्णासाहेब कर्वे? १८९३ सालीच त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. लग्नानंतर स्वतःच्या गावाची वाट बंद झालेले ते जोडपे. त्याच कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली, आणि १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. सत्तरी उलटल्यावर ते जगाच्या प्रवासाला निघाले आणि १९३० च्या सुमारास टोकियोचे ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहून आले. १९८२ च्या संपानंतर घरची ओढगस्त सुरू झाली आणि पुढे सातवीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हा अशा गोष्टी वाचताना मी जरा जास्त वेळ थांबते. पु. ल. देशपांड्यांचे 'पूर्वरंग' १९६३ चे. सुनीताबाईंसह केलेल्या त्या प्रवासात जपान आहे. पुतणीला मी तेच पुस्तक आधी दिले.

भाऊजींचे म्हणणे होते की मंडळीबरोबर जावे. त्यात वावगे काही नाही. माहीमची केसरी कंपनी १९८४ पासून मराठी माणसांना घराबाहेर काढते आहे. ज्यांना भाषेची भीती, वरणभाताची सवय आणि वयाची अडचण, त्यांच्यावर अशा कंपन्यांचे मोठेच उपकार आहेत. पण पुतणी म्हणाली, "काकू, चाळीस माणसांबरोबर जायचं तर मग जेजुरीची जीपच बरी!" मला हसू आवरेना.

मग आम्ही दोघी जमिनीवर जपानचा नकाशा पसरून बसलो. गावे दाखवायला मी तांदूळ निवडत होते त्यातलेच दाणे ठेवले. तिच्या कागदावर अकरा गावे होती आणि रात्री दहा! मी म्हटले, बाई गं, पेटी भरण्यात आणि उघडण्यातच संसार सुरू होईल. सहा गावे खोडली. टोकियोला तीन रात्री, हाकोनेच्या गरम झऱ्यांपाशी एक, क्योतोला चार आणि तेथूनच एका दिवसात नारा पाहून परत, मग हिरोशिमाला एक, ओसाकाला एक. उतरायचे टोकियोला आणि परतीचे विमान ओसाकाहून. सासऱ्यांचा वळसा तो हाच. टोकियोहून विमान धरायचे म्हटले तर पाचशे किलोमीटर उगाच मागे यावे लागते. १९६४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली त्यांची शिंकान्सेन गाडी ते अंतर हल्ली अडीच तासांच्या आत तोडते, तरी भाडे आणि अर्धा दिवस जातोच. सात दिवसांचा रेल्वेपास पूर्वी फायद्याचा होता. २०२३ च्या ऑक्टोबरात तो २९,६५० येनचा ५०,००० येन झाला. या बेताला सुटी तिकिटे स्वस्त पडतात, हे पुतणीने हिशेब करून दाखवले. मोठी पेटी एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवून देणारी सेवा तेथे आहे, म्हणून हाकोनेला एक पिशवी घेऊन जायचे. एप्रिल संपता संपता त्यांच्या सुट्यांचा आठवडा येतो, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मार्चअखेर, चेरीच्या बहरात. गर्दी तेव्हाही असतेच, पण फुले तरी पाहायला मिळतात.

जाऊबाई माळकरी, त्यांना लेकीच्या जेवणाची काळजी. जपान्यांचे सार म्हणजे बहुधा सुक्या मासळीचे पाणी, भाजीच्या वाटीतसुद्धा. आम्ही प्रभादेवीच्या, सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेल्या. मला त्यात काही नवल वाटले नाही. जाऊबाईंनी मात्र थेपले आणि मेतकूट बांधून ठेवले आहे.

पुतणीने मला जपानातल्या पहिल्या मधुचंद्राची म्हणून मानली जाणारी गोष्ट सांगितली. साल १८६६. साकामोतो र्‍योमा हा बंडखोर सामुराई क्योतोजवळ एका खाणावळीत उतरला होता. रात्री शिपाई चालून आले. तेथे काम करणाऱ्या ओर्‍योला न्हाताना चाहूल लागली; ती तशीच जिना चढून धावली आणि तिने त्याला सावध केले. तो वाचला, पण हाताला जखमा झाल्या. मग दोघे दक्षिणेला किरिशिमाच्या गरम झऱ्यांवर जाऊन राहिली, डोंगर चढली, आणि त्याने आपल्या बहिणीला चित्र काढून त्याची हकीकत कळवली. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला.

खरा वाद झाला तो हिरोशिमावरून. भाऊजी म्हणाले, लग्नाची हळद ओली असताना जेथे लाखभर माणसे मेली तेथे कशाला? जाऊबाईंनाही ते अशुभ वाटले. व्हिसाच्या अर्जाला रोजचा बेत जोडावा लागतो, म्हणून ते दोन दिवसांत मिटवणे भाग होते. पुतणी म्हणाली, "बाबा, क्योतोहून पावणेदोन तासांवर ते गाव आहे. तेथपर्यंत जाऊन न पाहता परत येणं मला जमणार नाही."

मग मी वाचलेले सांगितले. युद्धात पुरुष गेल्यामुळे हिरोशिमाच्या ट्रामगाड्या शाळकरी मुली चालवत. ट्राम कंपनीने त्यांच्यासाठी १९४३ साली शाळाच काढली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. अनेक मुली दगावल्या. तिसऱ्या दिवशी, ९ तारखेला, थोड्या अंतरावर का होईना, ट्राम पुन्हा सुरू झाली, आणि वाचलेल्या मुलींतल्या काही कामावर आल्या. आपल्या मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. हिरोशिमाची चालूच आहे.

भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आणि तेथून ओसाकाची गाडी किती वाजता?" पुतणीने वेळ सांगितली. भाऊजींनी चष्मा लावला आणि बेताच्या कागदावर नवव्या दिवसासमोरचे रिकामे घर तिच्याकडे सरकवले. तेथे गावाचे नाव तिने लिहिले. जेजुरी लग्नाच्या दुसऱ्या रविवारी आहे; या खेपेला जीपऐवजी दोन गाड्या केल्या आहेत, आणि एकीत ती दोघेच.