संगीत प्रताधिकार (भारत)

गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचा वापर करण्याचा किंवा तो इतरांना करू देण्याचा, कायद्याने ठरावीक मुदतीसाठी दिलेला अनन्य हक्क. व्यवहारात त्याला कॉपीराइट म्हणतात. भारतात तो प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये मिळतो; हा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उद्भवल्यास नोंदणीचा दाखला प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. राग, ताल वा ठेका कोणाच्याही मालकीचा नसतो. त्यांत बांधलेल्या स्वतंत्र चालीला संरक्षण मिळते.

हक्कांचे थर : कायद्याच्या दृष्टीने एक गाणे म्हणजे अनेक स्वतंत्र कृती होत. शब्द ही वाङ्मयीन कृती. तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती. तिचा कर्ता संगीतकार. ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती असून तिचा कर्ता निर्माता, म्हणजे बहुधा ध्वनिमुद्रिका कंपनी, मानला जातो. गायक-वादकांना १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क मिळाले. त्यामुळे एका थराची परवानगी दुसऱ्या थराला पुरत नाही.

मुदत : शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, तर सादरकर्त्याची ५० वर्षे असते. प्रत्येक थराची मुदत वेगळी मोजली जाते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’चे कवी ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये, तर संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तले. त्यामुळे गीतांचे शब्द २०३७ अखेर, पण चाली २०६२ अखेर मुक्त होतील. याउलट ‘मानापमान’ (१९११) या नाटकाचे कर्ते कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये आणि संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये वारले. त्यामुळे त्यातील पदांचे शब्द २००८ अखेर आणि टेंबे यांच्या चाली २०१५ अखेर सर्वांना खुल्या झाल्या. ही पदे आज कोणीही नव्याने गाऊ शकतो. परंतु एखाद्या कंपनीने अलीकडे काढलेले त्यांचे ध्वनिमुद्रण त्या कंपनीचेच राहते.

मालकी व मानधन : इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता ठरतो, असा निर्णय दिला. एकरकमी बिदागीवर हक्क सोडून देण्याची चित्रपटसृष्टीतील रीत त्यामुळे पक्की झाली. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गाणे अन्यत्र वापरले गेल्यास त्याच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहतो. हा वाटा वारसांना किंवा वसुलीसाठी प्रताधिकार संस्थेला देता येतो; इतर कोणाच्या नावे लिहून देता येत नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली होती.

परवाने : शब्द व चाल यांच्या जाहीर सादरीकरणाचा परवाना प्रामुख्याने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (स्थापना १९६९) देते. हॉटेल, दुकान वा कार्यक्रमात ध्वनिमुद्रण वाजवण्यासाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेडसारख्या संस्था शुल्क आकारतात. पोलिसांकडून मिळणारी ध्वनिक्षेपकाची परवानगी ही वेगळी बाब असून तिने संगीताचा परवाना मिळत नाही. गाणे चित्रपटात वा जाहिरातीत घालायचे असल्यास हक्कधारकांशी थेट करार करावा लागतो. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना व किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन देऊन कव्हर व्हर्जन काढता येते. प्रसारणासाठीही वैधानिक परवान्याची तरतूद आहे. पण ती इंटरनेटवरील संगीतसेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात २०१९ मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला.

न्याय्य वापर : अमेरिकेतील न्यायालये वापराचा हेतू, कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम हे चार निकष लावून कोणताही वापर तपासू शकतात. भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये मात्र अपवादांची ठरावीक यादी आहे : खाजगी वापर व संशोधन, टीका व परीक्षण, चालू घडामोडींचे वार्तांकन इत्यादी. शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यापुरते शाळेतील सादरीकरण तसेच खरेखुरे धार्मिक समारंभ यांनाही सूट आहे. धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ येतात, असे कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. तरीही हॉटेलातील संगीत-रजनीसारखे कार्यक्रम यात कितपत बसतात, यावर वाद आहे. लग्नसमारंभांत शुल्काचा आग्रह धरू नये, असे गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाद्वारे बजावले होते. हक्कधारकांच्या दाद मागण्याच्या अधिकारावर त्यामुळे गदा येते, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा विनापरवाना चालतो, ही समजूत निराधार आहे. तसेच मूळ कलावंताचे श्रेय दिल्याने परवानगीची गरज टळत नाही.

उल्लंघन : हक्कधारक दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम व नुकसानभरपाई मिळवू शकतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्हिडिओ संकेतस्थळांवर ध्वनी जुळवून आपोआप नोंदवला जाणारा दावा हा त्या कंपनीच्या नियमांचा भाग असतो. तो न्यायालयाचा निवाडा नसल्याने वापरकर्त्याला त्यावर हरकत घेता येते.