इंग्रजी काळांची लॅटिन गणती
विल्यम बुलोकरने १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेव्हा लॅटिनचा साचाच प्रमाण होता, त्यामुळे क्रियापदाच्या काळांची गणतीही त्याच धर्तीवर होत राहिली. ऑक्सफर्डचा गणितज्ञ जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये, पुस्तक मात्र लॅटिनमध्येच लिहून, इंग्रजी क्रियापदाला रूपाने वर्तमान आणि भूत हे दोनच काळ आहेत, बाकीचे अर्थ साहाय्यक क्रियापदांनी, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या जोडीला येणाऱ्या ‘हॅव’, ‘विल’ अशा शब्दांनी साधतात, असे मांडले. ‘आय शॅल’ हे नुसते भाकीत, तर ‘आय विल’ हे वचन किंवा धमकी, हा भेदही त्याने नोंदवला. निरीक्षण अचूक होते, पण शाळांना ते रुचले नाही: यॉर्कमधील मुलींच्या शाळेसाठी लिंडली मरेने लिहिलेल्या १७९५ च्या व्याकरणात काळ सहा होते, आणि खपले तेच.