मायोफेशियल रिलीज: आखडलेली पाठ-मान मोकळी करणारा हाताचा उपचार

पाठीत उसण भरली की आपल्याकडे आधी पायाळू माणसाची शोधाशोध होते. त्याने पाठीला पाय लावला, घरातल्या कुणी तेल चोळून दिले, की दोन-चार दिवसांत बरे वाटते. साधी उसण तशीही तेवढ्या दिवसांत उतरते, हे पायाळू माणसाच्या पथ्यावर पडते. पण दुखणे महिनाभर रेंगाळले तर मात्र सल्ले सुरू होतात. अलीकडे त्यात एक नवा सल्ला ऐकू येतो: ‘नागपूरला फॅशिया मोकळा करून देतात, पाठ सरळ होते, पोकही जाते.’

या उपचाराचे नाव मायोफेशियल रिलीज. त्याने खरोखर आराम पडू शकतो. मात्र पाठ ‘सरळ’ होण्याबद्दल जे सांगितले जाते ते बरेचसे खरे नाही. आणि काही दुखण्यांत पाठ दाबून घेण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. या शेवटच्या मुद्द्याकडे विदर्भातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

फॅशिया म्हणजे काय?

कळमेश्वर-काटोल भागातल्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. संत्रे सोला. सालीखाली पांढरे धागे दिसतात, प्रत्येक फोडीला पातळ पापुद्रा असतो आणि फोडीच्या आत रसाच्या बारीक पिशव्यांनाही स्वतंत्र आवरण असते. आपल्या शरीरातही त्वचेखाली, प्रत्येक स्नायूभोवती आणि स्नायूच्या आतल्या धाग्यांभोवती असेच आवरण असते. मटण कापताना जी पांढरट, चिवट झिल्ली दिसते तीच ही. तिला फॅशिया म्हणतात. कमरेवर आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला ती जाड पट्ट्यासारखी असते, तळव्याखालीही असते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते, तेव्हा बहुधा तळव्याचा हा पट्टाच दुखत असतो.

निरोगी फॅशियाचे थर एकमेकांवर सहज सरकतात. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिल्यावर, जुन्या जखमेनंतर किंवा प्लास्टरमध्ये हातपाय अडकून पडल्यावर हे सरकणे कमी होते आणि अंग आखडल्यासारखे वाटते. फॅशियात संवेदना पोहोचवणारी मज्जातंतूंची टोकेही भरपूर असतात. उपचाराचा परिणाम समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

हा उपचार आला कुठून?

आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) या अमेरिकन महिलेने १९२० मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे तिने हाताने फॅशियावर काम करण्याची दहा बैठकांची पद्धत बसवली. योगाभ्यासाचाही तिच्यावर प्रभाव होता. डोके, खांदे, कंबर, गुडघे आणि घोटे एका रेषेत आले की गुरुत्वाकर्षणाचा भार नीट पेलला जातो, अशी तिची कल्पना होती. लोक या पद्धतीला रॉल्फिंग म्हणू लागले. जर्मनीत एलिझाबेथ डिके हिने १९२९ च्या सुमारास, स्वतःच्या पायाच्या आजारपणातून, संयोजी ऊतींच्या मालिशची वेगळी पद्धत शोधली.

आपल्या भागात रॉल्फिंगची पाटी तुम्हाला सहसा दिसणार नाही. इथे फिजिओथेरपिस्ट मायोफेशियल रिलीज करतात. धातूच्या पट्टीने घासणे आणि कपिंग हे त्याच घरातले प्रकार. त्यांचे फायदे-तोटेही साधारण तेच, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळे लिहीत नाही.

बैठकीत काय होते?

तेलाच्या मालिशेपेक्षा हे वेगळे आहे. तेल अगदी थोडे लावतात किंवा लावतच नाहीत, कारण हात घसरायला नको असतो. फिजिओथेरपिस्ट बोटे, तळहात किंवा कोपराने आखडलेल्या जागी हळूहळू दाब देतात, दीड-दोन मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ तो धरून ठेवतात आणि जागा सैल पडेल तसे पुढे सरकतात. मधूनच तुम्हाला दीर्घ श्वास घ्यायला किंवा हात-पाय हलवायला सांगतात. थोडे दुखते, पण ते ‘हवेहवेसे’ दुखणे असते. दात आवळावे लागत असतील, श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त झाला आहे. तसे लगेच सांगा, संकोच करू नका. ‘जितके दुखेल तितका गुण’ ही समजूत चुकीची आहे. अंगावर काळे-निळे डाग पडणे ही उपचार लागू पडल्याची खूण नाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकते.

आराम कशामुळे पडतो?

‘चिकटलेला फॅशिया सुटला’ असे तुम्हाला सांगितले जाईल. ऐकायला पटते, पण फॅशिया फार चिवट असतो. २००८ मध्ये संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून पाहिले. तळव्याचा किंवा मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा अवघा १ टक्का दाबण्यासाठीही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, असे त्यातून दिसले. म्हणजे तासाभराच्या बैठकीत हा पट्टा पिठासारखा मळून त्याला नवा आकार देता येत नाही.

मग मोकळे का वाटते? संथ दाबामुळे फॅशियातल्या मज्जातंतूंकडून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मेंदू त्या स्नायूंवरचा ताण थोडा सोडतो. थरांमधल्या वंगणासारख्या द्रवात काही काळ फरक पडतो, असेही मानले जाते. शिवाय कुणीतरी शांतपणे तुमच्या दुखण्याकडे तासभर लक्ष देते, त्याचाही वाटा आहे. एक डॉक्टर म्हणून मला त्यात कमीपणा वाटत नाही. दुखणे कमी झाले ते झालेच. पण हा परिणाम काही तास ते काही दिवस टिकतो. त्या काळात तुम्ही काय करता, त्यावर पुढचे अवलंबून असते.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. मालिशसारखे हाताचे उपचार घ्यायला हरकत नाही, पण व्यायामाच्या जोडीनेच, असे त्यात सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम आणि मालिश यांना जागा आहे, मात्र कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नये असे म्हटले आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. घरोघरी पट्टा सापडतो, व्यायामाचा कागद सापडत नाही.

पाठ सरळ होते का?

बैठकीनंतर तुम्ही काही वेळ ताठ उभे राहता, कारण आखडलेपण कमी झालेले असते. ही स्थिती कायमची नसते. मुळात पोक काढून बसणाऱ्या प्रत्येकाची पाठ दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्या अनेकांची दुखते. ‘आदर्श’ बसणे असे एकच काही नाही. एकाच स्थितीत फार वेळ राहणे जास्त त्रासाचे. एमआयडीसीत आठ तास मशीनपुढे उभे राहणारा कामगार, कळमेश्वरहून रोज दुचाकीने नागपूरला ये-जा करणारा कर्मचारी, दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, या तिघांना मी एकच गोष्ट सांगतो: अर्ध्या-पाऊण तासाने स्थिती बदला. उभे असाल तर दोन मिनिटे बसा. वाकलेले असाल तर कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका.

वाढत्या वयातल्या मुलीचा एक खांदा वर दिसत असेल किंवा वाकल्यावर पाठीचा एक भाग उंच येत असेल, तर तो कण्याचा बाक असू शकतो. तिला मालिशसाठी नव्हे, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

आधी तपासणी, मग हात

पहिली गोष्ट सिकलसेल. विदर्भातल्या अनेक कुटुंबांत हा आजार किंवा त्याचे वाहक आहेत. सिकलसेलच्या रुग्णाला पाठ, छाती, मांड्या, हातपाय यांत अचानक तीव्र वेदना उठतात. त्या आखडलेल्या स्नायूच्या नसतात. आकार बदललेल्या लाल पेशींमुळे बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडाला रक्त कमी पडते, म्हणून त्या होतात. अशा वेळी जोराने दाबू नका आणि बर्फाने तर मुळीच शेकू नका, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक द्या. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर तडक रुग्णालय गाठा. तरुण रुग्ण लंगडत असेल, जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. त्याला एक्स-रे किंवा एमआरआय लागतो. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणीची चौकशी करा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे.

दुसरी गोष्ट मणक्याचा क्षयरोग. पाठ आठवडेच्या आठवडे दुखते, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, भूक आणि वजन कमी होते. अशी पाठ महिनोन्‌महिने चोळत राहिल्याने मणका खचतो आणि पायांतली ताकद जाऊ शकते. सुरुवातीला एक्स-रे साधा दिसला तरी शंका असेल तर एमआरआय करावा लागतो. निदान वेळेत झाले तर हा आजार औषधांनी बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पाठदुखीबरोबर लघवी अडली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा पाय लुळे पडू लागले तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो गाठा. सकाळची वाट पाहू नका.

एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती दाबू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील, कर्करोगाचा उपचार चालू असेल, मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा तुम्ही गरोदर असाल, तर फिजिओथेरपिस्टला आधीच सांगा.

आणि दाढी-कटिंगनंतर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेता, ते बंद करा. मानेला असा झटका बसल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

कुणाकडे जावे, किती वेळा?

बीपीटीएच ही पदवी आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात अपमान काही नाही. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा. तिथून गरज पडल्यास नागपूरच्या मेडिकलमध्ये पाठवतात. तिथे फिजिओथेरपी विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा कितीतरी कमी येतो.

दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागत असतील तर थांबा. तीन-चार बैठकांत काहीच फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवे. प्रत्येक बैठकीनंतर घरी करायचे दोन-तीन व्यायाम मिळालेच पाहिजेत. नुसते झोपवून दाबणारे आणि व्यायाम न शिकवणारे ठिकाण बदला.

घरी काय करता येईल?

टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा, कण्याच्या बाजूच्या मांसल भागावर, थेट कण्यावर नाही. गुडघे किंचित वाकवून दुखऱ्या जागेवर एक-दीड मिनिट टेकून राहा आणि श्वास चालू ठेवा. टाचदुखीसाठी पाण्याने भरलेली साधी बाटली तळव्याखाली दोन-तीन मिनिटे फिरवा, तीही सकाळी पलंगावरून उतरण्याआधी. लगेच पुढच्या अर्ध्या तासात चाला. रोजचे २०-३० मिनिटांचे चालणे आणि कंबर-मांड्यांची ताकद वाढवणारे व्यायाम यांनी येणारा फरक हळू दिसतो, सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरातल्या सिकलसेलच्या तपासणीचे कागद सोबत न्या. सैल कपडे घाला आणि पोटभर जेवून लगेच जाऊ नका.