विजयेचा परवाना

जयगडच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर तवसाळचा किनारा दिसतो आणि मधे शास्त्री नदी समुद्राला मिळते. या बंदराने किती तऱ्हेचा माल पाहिला असेल! मीठ, सुपारी, नारळ, कौले, मुंबईहून येणारी औषधांची खोकी. या खोक्यांत मिळेनासे झालेले एक औषध शोधण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वी माझ्यावर आला. त्याचे नाव विजया, म्हणजेच आपली भांग. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी हा कसला विषय, असे वाचकांना वाटेल. पण ही नशेची गोष्ट नाही, औषधाची आहे.

माझ्या थोरल्या वहिनीला कर्करोग झाला. औषधांच्या प्रत्येक फेरीनंतर चार-पाच दिवस तिच्या पोटात पेजेचे पाणीसुद्धा ठरत नसे. ओकारी थांबवण्याच्या गोळ्या होत्या, त्यांचा गुण थोडाच येई. पुतण्याने पुण्याहून फोन केला, “काका, परदेशात यावर भांगेतले औषध देतात म्हणे. आपल्याकडे मिळेल का?”

मला एकदम आजोबांची औषधांची पेटी आठवली. तीत जातीफलादि चूर्णाची कुपी असे. जायफळ, लवंग, वेलची, चंदन आणि त्यांच्या जोडीला भांग. कोणाचे पोट बिघडले की आजोबा ते चिमूटभर मधातून चाटवीत. आम्ही मुले त्याला जायफळाचे चूर्ण म्हणत असू. आजोबांपाशी जे होते ते नातवाला मिळू नये, असे मधल्या काळात घडले तरी काय? या प्रश्नाने मी पुस्तकांकडे वळलो.

शार्ङ्गधराने आपल्या संहितेत भांगेचा उल्लेख केला आहे. आपल्या कोकणपट्टीतच, गोव्यात, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली इथल्या वनस्पतींवर एक ग्रंथ छापला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. पुढे १८३९ साली कलकत्त्याला ओ’शॉनेसी नावाच्या डॉक्टराने गांज्याचा अर्क धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांचे झटके यांवर वापरून पाहिला आणि त्याची हकीकत प्रसिद्ध केली. तेथून हे औषध विलायतेला गेले. व्हिक्टोरिया राणीचे एक वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली ‘लँसेट’मध्ये त्याची भलावण केली. म्हणजे आपल्या परसातली वनस्पती साहेबाच्या बाटलीत बसून मान्यता पावली.

याच सुमारास विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की, हिंदुस्थानातली माणसे गांज्याने बिघडतात की काय? चौकशीसाठी १८९३ साली एक कमिशन नेमले गेले. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. आपल्या मुंबई इलाख्यात गांज्याची लागवड मुख्यतः नगरकडे होई, तीही त्यांनी तपासली. १८९४ साली निष्कर्ष आला तो असा की, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. बंदी घालू नये, कर आणि परवाने यांनी आळा घालावा. सरकारी अहवाल इतका समंजस असू शकतो, हे वाचून मला नवल वाटले.

मग औषध मागे का पडले? सगळा दोष कायद्याचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हा अर्क पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सुईने टोचता येत नाही. शिवाय एका बाटलीचा गुण दुसऱ्या बाटलीला नसे. एकाला काहीच होत नसे, दुसरा गुंगीत पडे. ॲस्पिरिन आणि टोचण्याची औषधे आली तशी डॉक्टरांची नजर तिकडे वळली. १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून हे औषध गळले. तिकडे १९२५ च्या जिनिव्हा करारात आणि १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा अफूच्या पंक्तीला जाऊन बसला. पानांना मात्र १९६१ च्या व्याख्येतून वगळले गेले.

आपला अमली पदार्थांचा कायदा झाला १९८५ साली. त्यातही गांजा आणि चरस निषिद्ध, नुसती पाने व्याख्येबाहेर. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याच्या लेखी पानेही मादकच. त्यांनाही परवाना हवा. मौज अशी की, ज्या १९८५ साली आपल्याकडे दार लागले, त्याच साली अमेरिकेत भांगेतल्या मुख्य द्रव्याची कृत्रिम गोळी कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या ओकारीवर मंजूर झाली. म्हणजे नेमकी माझ्या वहिनीची व्याधी!

दार अगदी बंद आहे असेही म्हणता येत नाही. “वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज” असे शब्द १९८५ च्या कायद्यात आहेत. परंतु ते कारण परवान्याच्या वाटेनेच सिद्ध व्हावे लागते. “मी आजारी आहे” एवढे म्हणून भागत नाही. किलोच्या आतला गांजा जवळ सापडला तरी वर्षापर्यंतची सक्तमजुरी होऊ शकते. कर्करोगाच्या वेदनांवरचे मॉर्फीनही याच कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. परवान्यांच्या जंजाळाने १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या कैवाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन आणि आणखी काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली. त्या यादीत भांग नाही.

उरली वैद्याची वाट. औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, पण परवानाधारक आयुर्वेदीय कारखान्याला पानांपासून औषध करता येते आणि ते वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. मी आधी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “हे माझ्या शास्त्रातले नाही. पण चालू गोळ्यांना सोडून काही करू नका.” एका वैद्यांनी कागद लिहून दिला. दुकानदाराने तो उलटसुलट पाहिला आणि हात जोडले, “गुरुजी, नियमात असेल हो, पण तपासणीला कोणी आला तर त्याला नियम मी समजावायचा का?” एका कचेरीतून दुसरीकडे पाठवले, दुसरीने पुन्हा पहिलीकडे. कोणी वाईट वागले नाही. प्रत्येकजण फक्त भ्यालेला होता.

अखेर परराज्यातून रीतसर कागदपत्रांसह औषध आले. तोवर सात आठवडे लोटले होते आणि वहिनीच्या औषधांच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. शेवटच्या फेरीत तिने ते डॉक्टरांना सांगून घेतले. त्या आठवड्यात ती मऊ भात जेवली. तो गुण विजयेचा, गोळ्यांचा की नुसत्या योगायोगाचा, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. त्यासाठी नीट प्रयोग व्हायला हवेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत भांगेला अतिघातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा आपल्या देशाने बाजूने मत दिले. दिल्लीचे ते मत जयगडच्या दुकानदारापर्यंत कधी पोहोचेल, एवढेच पाहायचे.

वहिनी आज बरी आहे. परवा करंज्या भरताना मी तिला ही सारी हकीकत वाचून दाखवली. ती हसून म्हणाली, “भाऊजी, औषधाने मला काही गुंगी आली नव्हती हो. गुंगी आली होती ती त्या कागदांना!”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मुकाट्याने करंजीला मुरड घालू लागलो.