दिवसांची गणना : यवतमाळ जिल्ह्यातील प्रसूतिपूर्व तपासणीचा शब्दांतून दिसणारा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर स्त्री प्रथम तपासणीसाठी येते तेव्हा तिला विचारण्यात येणारा पहिला महत्त्वाचा प्रश्न कालगणनेचा असतो. शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, हा तो प्रश्न होय. उत्तर मात्र पुष्कळदा तारखेत येत नाही. ‘पोळा झाला आणि चौथ्या दिवशी’, ‘संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात’ अशा शब्दांत ते येते, आणि परिचारिकेला सणावरून तारीख काढावी लागते. परिचारिकांसाठी असलेल्या सरकारी मार्गदर्शिकांनीही ही रीत मान्य केली आहे. पुढील तपासण्यांचे वेळापत्रक, गर्भाच्या वाढीचे मोजमाप आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख ही सर्व या एका उत्तरावर उभी असतात.

प्रसूतिपूर्व तपासणीचा इतिहास सामान्यतः वैद्यकाच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो शब्दांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही तपासणी जितकी उपकरणांची तितकीच प्रश्नोत्तरांची आहे, आणि प्रश्न व उत्तर यांची भाषा जुळली नाही तर उपकरणाने दिलेला आकडाही निरुपयोगी ठरतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

१

गरोदरपणासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. गर्भार, गरवार, पोटुशी, दोन जिवांची हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘दिवस गेले’, ‘दिवस राहिले’ हे वाक्प्रचार तर गर्भाचे नावही न घेता केवळ काळाचा उल्लेख करतात. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दापासून आलेला आहे. दोहदाच्या व्युत्पत्तीविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातील गर्भिणीला दोन हृदयांची म्हणून ‘दौहृदिनी’ म्हटले आहे, हे प्रसिद्ध आहे. ‘दोन जिवांची’ या लोकभाषेतील शब्दात तीच कल्पना वावरते.

या प्राचीन वाङ्मयात गर्भिणीच्या काळजीला ‘परिचर्या’ हा शब्द आहे. चरकसंहितेत महिन्यामहिन्याचा आहार सांगितला आहे, आणि तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीला जपावे असा दृष्टांत दिला आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास जो प्रबंध सादर केला त्याचा विषय हिंदू आर्यांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. परिचर्येत सेवा आहे, पथ्य आहे, कोडकौतुक आहे. मात्र सर्व काही ठीक दिसत असताना न दिसणारा धोका आधीच शोधून काढणे, हा विचार तीत मध्यवर्ती नाही. तो ज्या शब्दात आला तो शब्द म्हणजे ‘तपासणी’. ‘तपासनीस’ या पदनामावरून ध्यानात येईल की, हा शब्द मुळात दफ्तराचा, हिशेबाचा आहे. घरातील परिचर्येकडून दफ्तरातील तपासणीकडे झालेला प्रवास हाच या विषयाचा इतिहास होय.

२

हा प्रवास जगातही फार जुना नाही. एडिंबरो येथील डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ साली प्रसूतीपूर्वी स्त्रियांना रुग्णालयात ठेवून उपचार करण्याची मागणी केली. निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक गर्भवतीने ठराविक अंतराने तपासणीस यावे, ही पद्धत पुढे रूढ झाली. १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १६, २४ व २८ या आठवड्यांत, त्यानंतर ३६ व्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास आणि पुढे दर आठवड्यास असे वेळापत्रक घालून दिले. पुढील अनेक दशके जगभर त्याचेच अनुकरण होत राहिले.

त्या काळी यवतमाळ जिल्ह्याची स्थिती निराळी होती. १९०५ सालच्या फेररचनेपर्यंत हा जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जात असे. वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांतास जोडण्यात आला होता. स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी स्थापन झाला. त्याची स्मृती अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक आजही ‘डफरिन’ म्हणतात या रूपाने टिकून आहे. १९०३ साली दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला. येथे शब्दांचा भेद लक्षणीय आहे. गावात होती ती ‘सुईण’. सरकारी कागदावर आली ती ‘दाई’. सुईण हा शब्द संस्कृत ‘सू’, म्हणजे प्रसवणे, या धातूच्या कुळातला; दाई हा फारसीतून आलेला. दोघींचेही काम प्रसूतीच्या वेळी सुरू होई. त्याआधीचे नऊ महिने कोणाच्याही दफ्तरात नव्हते.

१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात हिंदुस्थानात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मृत्यू पावतात असा अंदाज दिला होता. समितीच्या शिफारशींस अनुसरून १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. यवतमाळ जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व ग्रामीण आरोग्याचे काम त्यांच्याकडे गेले. १९७५ पासून अंगणवाडी, १९८९ साली यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २००५ नंतर गावोगावी ‘आशा’ अशी या व्यवस्थेची वाढ झाली. ‘आशा’ हे वस्तुतः एका इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांचे रूप. पण गावाने त्याला ‘ताई’ जोडून ‘आशाताई’ केली, आणि पदनामाचे नाते झाले. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. भोर समितीचा अंदाज याच मापाने २,००० भरतो. हे अंतर तोडण्यात शस्त्रक्रिया, रक्तपेढ्या, औषधे आणि कुटुंबनियोजन या सर्वांचा वाटा आहे. परंतु धोका वेळेवर ओळखणाऱ्या तपासणीचा वाटा त्यांत लहान नाही.

३

आज या तपासणीत काय घडते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सरकारी नियमानुसार किमान चार तपासण्या व्हाव्या लागतात: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ व्या आठवड्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यसंस्थांत डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ ची आहे.

पहिल्या भेटीत नोंदणी होऊन माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. वजन, उंची व रक्तदाब पाहतात. लघवीत प्रथिन व साखर तपासतात. रक्तातील हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, तसेच एचआयव्ही, सिफिलिस व कावीळ ‘ब’ यांच्या चाचण्या होतात. धनुर्वात व घटसर्प यांविरुद्ध लस देतात. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास पंडुरोग आणि ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र समजतात. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावयाची असते. पुढील भेटींत पोटावरून गर्भाशयाची उंची मोजतात आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकतात. ते मिनिटास १२० ते १६० असावेत. साखरेची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा होते. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळल्यास स्त्रीला डॉक्टरांकडे पाठवितात. सोनोग्राफीत गर्भाची वाढ, व्यंग व वारेची जागा पाहतात. लिंग सांगणे हा गुन्हा आहे. या बाबतीत देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, व १९९४ साली केंद्राने.

विदर्भात आणखी एका चाचणीस विशेष महत्त्व आहे. शुक्ला आणि सोळंकी या वैद्यकांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून स्त्री वाहक निघाल्यास पतीचेही रक्त तपासावे लागते.

४

येथपर्यंत सर्व सुबोध वाटते. अडचण उद्भवते ती या चाचण्या बोलीत उतरताना.

प्रथम कालगणना पाहू. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे मराठी भाषकांचे गरोदरपणाचे परंपरागत माप आहे. तीस दिवसांचा महिना धरल्यास ते २७९ दिवस होतात, आणि वैद्यकातील २८० दिवसांच्या गणनेशी त्याचा मेळ आश्चर्यकारक रीतीने बसतो. तिथींवरून चांद्रमास मोजल्यास मात्र सुमारे २७५ दिवस भरतात. पण खरा घोटाळा याहून मोठा आहे. ‘सातवा लागला’ म्हणजे सहा महिने पूर्ण झाले. ऐकणारीने ‘सात महिने’ लिहिले तर एका महिन्याची चूक होते. ज्या गर्भाची वाढ योग्य आहे तो खुरटलेला वाटू लागतो.

लक्षणांचे शब्दही असेच दुहेरी आहेत. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ हे वाक्य पंडुरोगाने अशक्त झालेली स्त्री बोलते, आणि रक्तदाब वाढून दृष्टी अंधुक झालेलीही बोलते. पहिलीला उपचार व आहार हवा. दुसरीला, विशेषतः तीव्र डोकेदुखी किंवा चेहऱ्या-हातांवर सूज असल्यास, त्याच दिवशी रुग्णालय हवे, कारण पुढची पायरी झटक्यांची असू शकते. ‘अंगावर जाते’ हा वाक्प्रचार श्वेतप्रदरासही चालतो आणि रक्तस्रावासही. ‘पांढरे की लाल?’ हा लाजेने टाळला जाणारा एक प्रश्न येथे जीव वाचवू शकतो.

‘रक्त कमी आहे’ हे हिमोग्लोबिन कमी असल्याचे रूढ भाषांतर तर विशेष विचारणीय आहे. त्यातून गुणाऐवजी परिमाणाचा बोध होतो. ज्या शरीरात रक्तच कमी, त्यातून चाचणीसाठी आणखी रक्त का काढता, ही शंका मग तर्कशुद्धच ठरते. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. स्त्रियांनी स्वतः यातून मार्ग काढला आहे. ‘माझे रक्त आठ पॉइंट आहे’, असे त्या म्हणतात. ग्रॅम हे एकक त्यांनी टाकले, पण मोजता येणारी आणि वाढवता येणारी गोष्ट म्हणून आकडा आपलासा केला. शिकवणाऱ्यांच्या परिभाषेपेक्षा हा घडवलेला शब्द अधिक उपयुक्त आहे, असे आम्हांस वाटते.

शब्दांप्रमाणे रूढीचाही विचार केला पाहिजे. तिसरा महिना सरेपर्यंत गर्भाची वाच्यता करू नये असा अनेक घरांत संकेत आहे, आणि नोंदणी तर १२ आठवड्यांच्या आत व्हावयास हवी. ‘दिवस गेले’ या वाक्प्रचाराचा आडपडदा येथे प्रत्यक्ष आड येतो. तसेच सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरणीला माहेरी पाठवितात. तिसऱ्या तपासणीचा काळ नेमका हाच असतो. कार्ड सासरी राहिले तर माहेरच्या परिचारिकेला मागील रक्तदाब व ‘पॉइंट’ कळण्यास साधन उरत नाही. ओटीतील नारळाबरोबर ते कार्डही गेले पाहिजे.

५

हे झाले मराठी भाषकांविषयी. परंतु या जिल्ह्यात केवळ मराठी बोलली जात नाही. तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी आहे, आणि केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील पोडांवर कोलामी आहे. एमेनो यांचा कोलामी या द्राविडी भाषेवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. भाषाशास्त्राने या भाषेचे वर्णन केले त्याला अनेक दशके झाली. आरोग्याच्या प्रश्नांसाठी मात्र या ज्ञानाचा उपयोग करून घेणे आमच्याकडून राहून गेले. ज्या पोडावरील तरुण स्त्रीची भाषा कोलामी आहे तिच्या हाती मराठी कार्ड असते आणि तिच्याशी संभाषण मराठीत होते. तिने मान डोलावली याचा अर्थ तिला समजले असा लिहिला जातो. ‘बाळाची हालचाल कमी झाली का?’ या प्रश्नात ‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी, हे मराठी स्त्रीलाही उलगडून सांगावे लागते. परभाषेत तर तो प्रश्न हवेतच राहतो.

यास्तव आमच्यासारख्या विभागांनी करावयाचे एक काम स्पष्ट दिसते. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, सूज, झटके, ताप आणि गर्भाची मंदावलेली हालचाल या आठ धोक्यांसाठी कोलामी, गोंडी, गोरमाटी व वऱ्हाडी यांत स्त्रिया प्रत्यक्ष कोणते शब्द वापरतात, त्याची नोंद त्यांच्याच तोंडून करावयाची. आणि कोणता शब्द दोन अर्थांचा आहे, ते परिचारिकेला व आशाताईला सांगावयाचे. शब्दकोशाच्या दृष्टीने हे काम लहान आहे. परंतु शेवटची पाळी केव्हा आली, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जिला आपल्या भाषेत आणि आपल्या सणांच्या आधारे देता येते, ती पुढच्या प्रश्नांचीही उत्तरे न संकोचता देते. त्या उत्तरांत एखादे दिवशी ‘अंधारी येते’ असे शब्द येतील, आणि ते ऐकणारीला त्यांचे दोन्ही अर्थ ठाऊक असले पाहिजेत.