सहा झाडे आणि दोन कायदे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक नागरिक एकाच वेळी दोन सत्तांच्या कायद्याखाली राहतो. एक त्याच्या राज्याची, दुसरी वॉशिंग्टनची. एरवी या सत्ता एकमेकींच्या वाटेस जात नाहीत. गांजाच्या प्रश्नावर मात्र त्या समोरासमोर ठाकल्या.

मध्यवर्ती सरकारने १९३७ साली जबर कर बसवून गांजाची कोंडी केली, आणि १९७० च्या कायद्याने तो अत्यंत कडक निर्बंधांच्या पहिल्या यादीत घातला. ज्याला वैद्यकीय उपयोगच नाही असे पदार्थ त्या यादीत येतात. परंतु पुढे एड्सच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोचे रुग्ण अन्नावाचून झिजू लागले, तेव्हा मेरी रॅथबन नावाची एक वृद्धा गांजा घातलेले केक भाजून त्यांना वाटू लागली. तिला अटकही झाली. लोकमत मात्र तिच्या बाजूने झुकले. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्याच्या शिफारशीवर गांजा बाळगण्याची व लावण्याची रुग्णांना मुभा दिली.

१५ ऑगस्ट २००२ रोजी डायेन मॉन्सन या पाठदुखीने पीडित स्त्रीच्या घरी दोन्ही सत्तांचे अधिकारी एकदमच आले. स्थानिक अधिकाऱ्यांनी तिचे वर्तन राज्याच्या कायद्यास धरून असल्याचा निर्वाळा दिला. तीन तास वाद चालला. शेवटी वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी तिची सहाच्या सहा झाडे जप्त करून नष्ट केली.

हा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाचा अधिकार काँग्रेसला आहे. पण घरी लावून घरीच वापरलेल्या रोपट्यात व्यापार तो कोठला? न्यायालयाने १९४२ चा निवाडा पुढे केला. ओहायोच्या एका शेतकऱ्याने घरच्यापुरता पिकविलेला गहूदेखील बाजारभावावर परिणाम करतो, असे तेव्हा ठरले होते. तोच न्याय गांजास लागला, आणि ६ जून २००५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी मॉन्सनबाई हरल्या. तर्क बिनतोड खरा. पण त्याने राज्यांना मोकळे रान उरते किती, हा विरोधी न्यायमूर्तींचा सवाल काही हलका नव्हता.

आपल्याकडे १९८५ चा कायदा करताना निराळी वाट निघाली. गांजाच्या व्याख्येत फुलोरा आला, नुसती पाने व बिया वगळल्या गेल्या. म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला.

अमेरिकेत त्या निकालाने राज्ये थांबली नाहीत. २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी औषधाची अटही काढून टाकली, आणि १ जानेवारी २०१४ रोजी कोलोरॅडोत गांजाची दुकाने उघडली. बहुतेक बँका मध्यवर्ती कायद्याच्या धाकाने त्यांची खाती उघडीनात. त्यामुळे राज्याचा कर भरावयासही कित्येक दुकानदारांना रोख नोटाच न्याव्या लागल्या.